जुनी एसयूव्ही घेताय? आधी तिच्याखाली झोपून बघा



आजची नोंद भातावर नाही, भाजीवर नाही. गाडीवर आहे. पण शेतीच्याच पैशाची गोष्ट आहे म्हणून इथेच लिहितो. लांब आहे, सवडीने वाचा.

परवा संध्याकाळी शेजारचा पोरगा आला. "काका, हायवेला एक डिझेल एसयूव्ही बघितलीय. 2010 चं मॉडेल, दीड लाखाला देतोय. टायर काळेभोर, रंग आरशासारखा. घेऊ का?"

पैसे कुठले, विचारलं. तर ठिबक आणि नवीन मोटारीसाठी बाजूला ठेवलेले. म्हणाला, ठिबक पुढच्या वर्षी करू. गाडी असली की भाजी आपली आपण नेऊ, टेम्पोचं भाडं वाचेल, आईला दवाखान्यात न्यायला होईल, आणि चार लोकांत जरा बरंही दिसेल.

या वर्षात असा प्रश्न घेऊन आलेला हा तिसरा. म्हणून त्याला तोंडावर जे बोललो तेच इथे लिहून ठेवतो.

खाडीकाठच्या शेतकऱ्याने ठिबकचे पैसे मोडून पंधरा वर्षांची एसयूव्ही घेणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. राग आला तर येऊ दे. हा मूर्खपणा मी स्वतः केलाय, म्हणून बोलायचा हक्क कमावलाय.

माझी गाडी 2008 ची. 2016 साली जुनी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा कमी, माझा जास्त. वही बघून मागच्या तीन वर्षांचा खर्च लिहितो:

क्लच प्लेटचा सेट: 14,500
रेडिएटर: 6,800
डिझेल पंप आणि इंजेक्टर: 38,000
तळाचा पत्रा, वेल्डिंगसकट: 12,000
चार टायर: 26,000
ब्रेक पाईप, व्हील सिलिंडर: 7,200
बॅटरी: 6,500
सेल्फ आणि वायरिंग: 9,000

बेरीज 1,20,000. म्हणजे वर्षाला 40,000. यात डिझेल नाही, विमा नाही, पीयूसी नाही, ऑइल बदलणं नाही. गाडी वर्षातून साधारण 110 दिवस कामाला निघते. म्हणजे चावी फिरवायच्या आधीच दिवसाला साडेतीनशेच्या वर गेले. मुंबईच्या बाजाराला जाऊन-येऊन शंभर किलोमीटर धरा, वर साडेसातशे-आठशेचं डिझेल. दहा क्रेट भाजी नेली तर अकराशेच्या पुढे खर्च, टोल आणि माझा जागलेला जीव वेगळा. तीच दहा क्रेट गावच्या टेम्पोत चार जणांच्या मालाबरोबर पाचशेत जातात. आणि मी घरी झोपतो.

आता म्हणाल, गाडी स्वतःची असली की वेळ आपल्या हातात. मंडळी, तीन वर्षांत माझी गाडी 41 दिवस गॅरेजला होती. गाडी बंद पडायचा मुहूर्त कधी श्रावणातला रिकामा सोमवार नसतो. मेथी उपटून, जुड्या बांधून, ओल्या गोणपाटाखाली ठेवली की त्याच पहाटे सेल्फ टक-टक करून गप्प. मेथी थांबत नाही. त्या दिवशी मिळेल त्या टेम्पोला, मागेल ते भाडं दिलं. त्याची नोंद तर वहीत केलेलीच नाही, लाज वाटली.

खारा वारा सगळ्यांना सारखं व्याज लावतो

घाटावरचे मित्र म्हणतात, आमच्याकडे वीस वर्षांच्या जीपा धडधडीत चालतात. चालत असतील. तुमच्याकडे कोरडी हवा आहे. आमच्या नायगावला एका बाजूला वसईची खाडी, आजूबाजूला मिठागरं, आणि पश्चिमेचा वारा समुद्रावरून थेट अंगावर. उधाणाला खाडीचं पाणी खालच्या रस्त्यांवर येतं आणि आपण त्यातनं गाडी घालतो. पावसाचं पाणी वाहून जातं, वाळतं. खाडीचं पाणी वाळल्यावर मीठ ठेवून जातं. ते मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पत्रा ओलाच राहतो.

खाजणात शेती करणाऱ्याला हे वेगळं शिकवायला नको. बांध फुटून एकदा खारं पाणी शिरलं तर जमीन वरून तशीच दिसते. उन्हाळ्यात पांढरा थर वर आला की कळतं. गाडीचंही तसंच. वरचा रंग चकाकतो आणि खाली चासीच्या पेटीत, दरवाजाच्या तळात, चाकाच्या कमानीत गंज कोंब धरून बसलेला असतो.

त्यात आपण शेतकरी स्वतः भर घालतो. पोटॅशचं पोतं मागे टाकतो. एमओपी म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, त्यात जवळपास निम्मं वजन क्लोराईडचं. पोतं फाटतं, चार मुठी सांडतात, मॅटखाली जातात. त्यावर ओल्या भाजीचं पाणी गळतं. युरिया तर हवेतलंच पाणी पितो. शेणखताची गोणी, मासळीची टोपली, कुणाचं काय. मग म्हणायचं, तळ कसा सडला. माझ्या गाडीचा तळ डाव्या मागच्या सीटखाली सडला. त्याच जागेवर मी आठ वर्षं खताची पोती ठेवत होतो.

दुसरं, रेडिएटर. गॅरेजवाल्याने उघडला तर आत नळ्यांना चुन्यासारखा थर. विचारतो, पाणी कुठलं घालता? म्हटलं, विहिरीचं. खाडीजवळच्या आपल्या विहिरी मचूळ झाल्यात हे काय नवीन आहे? ज्या पाण्याचा ईसी तपासून ठिबकला द्यायचं की नाही ते ठरवतो, तेच पाणी डोळे झाकून इंजिनात ओततो. क्षार नळ्या बुजवतात, क्लोराईड धातू खातं, इंजिन तापतं, हेड गॅस्केट जातं. कूलंट महाग वाटतं, हेडचं काम निघालं की स्वस्त वाटायला लागतं.

बाकीच्या कटकटी जुनी गाडी वापरणाऱ्याला पाठ आहेत. पावसात काच खाली गेली की वर येत नाही. दरवाजाचं रबर कडक झालेलं, पाणी आत. उंदरांनी वायर कुरतडलेली, म्हणून डावा इंडिकेटर दिला की हॉर्न वाजतो. थंडीत हीटर प्लग मेलेले, दोघांनी ढकलल्याशिवाय गाडी उठत नाही. डिझेलच्या पाईपला बारीक चीर, रात्रभर उभी राहिली की एअर घेते, सकाळी पंप मारत बसा. यावर आपण हसतो, किस्से सांगतो. हसण्यासारखंच आहे.

न हसण्यासारखं

मागच्या जूनमधली गोष्ट. आई पुढे बसलेली, मागे लावणीला येणाऱ्या तीन बायका. पुलाच्या उतारावर पुढची रिक्षा थांबली म्हणून ब्रेक दाबला आणि पेडल फळीला टेकलं. मागच्या ॲक्सलवरून जाणारा ब्रेक पाईप फुटला होता. पुढच्या आणि मागच्या ब्रेकची लाईन वेगळी असते म्हणून पुढच्या चाकांनी थोडं धरलं. पेडल मारत राहिलो, दुसऱ्या गिअरमधून पहिल्यात टाकली, हँडब्रेक ओढला. रिक्षाच्या मागे हातभर जागा राहिली.

कुणाला काही झालं नाही. बायका उतरून चालत निघाल्या, त्यातल्या एकीने मागे वळून एवढंच म्हटलं, "दादा, आमची पोरं घरी हायत." ते वाक्य त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही.

मिस्त्रीने पाईप काढून हातात दिला. चासीला जिथे क्लिप असते तिथे, बरोबर क्लिपच्या आड, पाईप कागदाएवढा राहिला होता. बाहेरून बघून कळलं नसतं. गाडी खाली घ्यायची, क्लिप सोडायची, मगच दिसतं. सतरा वर्षांत ती क्लिप कुणी सोडली नव्हती. मी तर नाहीच.

आणि ही गाडी कागदावर तंदुरुस्त होती.

वर्षं मोजणारे आणि रंग बघणारे, दोघेही चुकतात

आता सरकारकडे येतो. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण. पूर्वी चारचाकीला 600 रुपये लागत. 1 एप्रिल 2022 पासून 5,000 झाले. ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या चारचाकीसाठी ते 10,000 केले. वर पर्यावरण कर. 1 एप्रिल 2019 आधीच्या गाडीला नवी नंबरप्लेट, तिचे चारचाकीला 745 अधिक जीएसटी. माझं नूतनीकरण 2023 ला झालं, 2028 ला परत उभं राहायचंय.

पैसे भरायला माझी ना नाही. जुन्या गाडीचा धूर जास्त असतो, हे कबूल. प्रश्न असा आहे की फी वाढली, त्याबरोबर बघणं वाढलं का? तपासणीच्या दिवशी ब्रेक दाबला, लागला, पास. यात खोटं काही नाही, त्या दिवशी ब्रेक खरंच लागला. पण सडका पाईप तारीख सांगून फुटत नाही. गाडी उचलून, खालून, क्लिपा सोडून बघितल्याशिवाय ते दिसणार नाही. दहा हजार घेता ना? मग गाडी रॅम्पवर चढवा आणि मालकाला खाली बोलावून दाखवा, हे बघ तुझं काय सडलंय. लेखी द्या. फी दुप्पट करून आणि नजर तीच ठेवून रस्ता सुरक्षित होत नाही.

दुसऱ्या टोकाला दिल्ली. तिथे दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल बंद, असा कॅलेंडरचा नियम. हरित लवादाचा 2015 चा आदेश, 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. 1 जुलै 2025 पासून अशा गाड्यांना पंपावर तेल द्यायचं नाही असं ठरलं, लोक ओरडले, काही दिवसांतच थांबवावं लागलं. ऑगस्टमध्ये न्यायालयानेही तूर्त सक्तीची कारवाई नको म्हटलं. व्हॉट्सॲपवर फिरतं तसा हा नियम महाराष्ट्राला लागू नाही. पण त्याची झळ आपल्याला लागते ती अशी, की तिकडे वापरता न येणाऱ्या गाड्या एनओसी काढून दुसऱ्या राज्यांत स्वस्तात विकल्या जातात. स्वस्तातली चकाचक गाडी दिसली की आधी आरसी बघा, पहिली नोंदणी कुठली. इकडे आणल्यावर इथला कर वेगळा भरावा लागतो. तो दीड लाखात धरलेला नसतो.

कोरड्या गावात, शेडखाली राहिलेली अठरा वर्षांची गाडी भक्कम असू शकते. आपल्याकडे खाडीकाठी उघड्यावर राहिलेली नऊ वर्षांची गाडी खालून चाळण असू शकते. आपण जमिनीचं वय विचारतो का? कस बघतो, सामू बघतो, क्षार बघतो. माती परीक्षणाशिवाय खत टाकू नका म्हणून मेळाव्यात टाळ्या घेणारे आपण, गाडी घेताना मात्र बॉनेटवर हात फिरवून "पीस मस्त आहे" म्हणतो.

आणि हो, पोरांनो, तुमच्यासाठी. काळ्या काचा, रुंद टायर, मागे भल्या मोठ्या अक्षरात नाव. रुंद टायर लावले की स्टेअरिंगचे सांधे आणि बेअरिंग लवकर जातात, डिझेल जास्त लागतं. जमिनीचा तुकडा विकून एक आणि ठिबकचे पैसे मोडून दुसरी, असं करत करत गावात गाड्या वाढल्या आणि भाजीचे वाफे कमी झाले. गाडीने इज्जत मिळत असती तर गॅरेजबाहेर उभ्या असलेल्या आपल्या सगळ्यांना केव्हाच मिळाली असती.

तुम्ही काय म्हणाल ते माहीत आहे

"नवीन गाडी दहा लाखाला. हप्ता कोण भरणार?" बरोबर. नवीन घ्या असं मी म्हणतच नाही. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांना धुराचा फिल्टर असतो. शेत ते बाजार अशा छोट्या फेऱ्यांत तो पुरेसा तापत नाही, भरतो, आणि मग कंपनीच्या वर्कशॉपशिवाय इलाज नाही. जुनं साधं डिझेल इंजिन गावचा मिस्त्री झाडाखाली खोलतो. हा जुन्या गाडीचा खरा गुण आहे, तो मी नाकारत नाही. पण इंजिन दुरुस्त होतं, चासी होत नाही. सडलेल्या चासीवर पत्रा मारणं म्हणजे वाळवी लागलेल्या तुळईला रंग देणं.

"मग पेट्रोलची जुनी व्हॅन घेतो." घ्या, पण आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. एप्रिल 2023 आधीच्या बऱ्याच गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. इथेनॉल पाणी ओढतं, जुनी रबरं फुगवतं. महिनाभर उभी राहणारी गाडी असेल तर त्रास जास्त. इथेनॉल ऊस-मक्यातून होतं, आपल्याच भावांचं पीक आहे, त्याला माझा विरोध नाही. जुने रबरी पाईप बदलून घ्या, एवढंच. सीएनजी असेल तर टाकीची दाब-चाचणी दर तीन वर्षांनी, ती चुकवू नका.

"टेम्पोवाला लुटतो." एकट्याला लुटतो. पाच जण मिळून ठरावीक दिवस, ठरावीक वेळ दिली तर तोच भाव कमी करतो. आमच्या आळीत करून बघितलंय. शिवाय खासगी नोंदणीच्या गाडीत भाड्याने दुसऱ्याचा माल नेणं कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाला की विमावाला पहिला तोच मुद्दा काढतो.

तरीही घ्यायचीच असेल तर

1. दिवसा बघा, कोरडी बघा. नुकती धुतलेली गाडी परत पाठवा, दुसऱ्या दिवशी बोलवा.

2. खाली झोपा. बॅटरी आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन चासी ठोकत जा. टणक आवाज ठीक, थप्प आवाज म्हणजे आत पोकळ. खाली ताजा काळा डांबरी रंग दिसला तर जास्त संशय घ्या. गंजावर मारलेला रंग ओलावा आत कोंडतो, गंज झाकतो, थांबवत नाही.

3. मॅट उचला, सगळ्या. चुंबक फडक्यात गुंडाळून चाकाच्या कमानीवर आणि दरवाजाच्या खालच्या कडेला फिरवा. धरत नसेल तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

4. चासी नंबर स्वतः बघा. गंजून वाचता येत नसेल तर नूतनीकरणाला अडकाल.

5. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. तळाशी चिखलाचा डाग, सीटच्या रुळांना गंज, म्हणजे गाडी पाण्यात बसलेली. जुलै 2018 ला वसई-नालासोपाऱ्यात काय झालं ते विसरू नका. अशा गाड्या कुठेतरी विकल्या जातातच.

6. इंजिन थंड असताना चालू करा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर कारण विचारा. ऑइलचं झाकण काढून बॅक कॉम्प्रेशन बघा. रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग नको.

7. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. काळा पॉलिश मारलेला "नवीन" टायर दहा वर्षांचा निघतो.

8. कागद: आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरलाय का, चलान बाकी आहेत का, फॉर्म 29 आणि 30 वर सही समोर घ्या.

9. दीड लाखाची गाडी असेल तर आणखी 50,000 हाताशी ठेवा. ते नसतील तर तुमच्याकडे गाडीचे पैसे नाहीत, फक्त विकत घ्यायचे आहेत.

आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनी

ब्रेक पाईप या दिवाळीआधी क्लिपा सोडून बघा. बारा वर्षांच्या वरची गाडी असेल तर बघत बसू नका, बदला. माझे बदलायला 7,200 लागले, व्हील सिलिंडरसकट. उधाणाच्या पाण्यातून गाडी गेली की त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा. दरवाजाच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी ठेवा. खत नेताना खाली ताडपत्री टाका, आणि बंद गाडीत औषधाचे डबे आणि माणसं एकत्र नेऊ नका. चासीला जळकं ऑइल फासायची आपल्याकडे सवय आहे. ते रबराचे बुश खातं आणि पावसात आपल्याच वाफ्यात उतरतं. मेणाचं कोटिंग करून घ्या. पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारू नका, ढकलून बाहेर काढा. इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग दीड लाखाच्या गाडीला लाखाचं काम निघतं.

माझी गाडी 2028 ला भंगारात द्यायचं ठरवलंय. तोपर्यंत तिच्यात माणसं बसवण्याआधी दर महिन्याला एकदा खाली झोपतो.

शेजारच्या पोराला एवढंच म्हटलं, रविवारी मी येतो बरोबर. बॅटरी, चुंबक आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन. तोपर्यंत बयाणा द्यायचा नाही. ठिबकचं कोटेशन मागवून ठेव, दोन्ही कागद शेजारी ठेवून बघू.

काय निघालं ते सोमवारी इथे टाकतो. तुमच्या वहीतला खर्चही लिहा, लाजू नका. किस्से पुरे झाले, आकडे टाका.